वनमेथीचा ढीग

चिमटाबाई हे नाव मी ठेवलं नाही, पण चालवलं मीच. तोंडावर मात्र काकू म्हणायचे. चारा संशोधन केंद्राच्या त्या खोलीत आम्ही दोघीच. मिश्र कुरणातून कापून आलेला चारा ताटात पसरायचा, काकू चिमट्याने एकेक पान वेगळं करायच्या आणि मी वजनं लिहायचे. गवत, लसूणघास, क्लोव्हर नावाचा तिपानी चारा आणि तण, असे चार ढीग. सतरा वर्षं. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यातूनही दिसायचं तेच कुरण.

लसूणघास आणि क्लोव्हर जमिनीला नत्र देतात, त्या जोरावर गवत माजतं आणि त्या दोघांनाच सावलीत दडपून टाकतं. ही मंडळी एकत्र किती वर्षं नांदतात, एवढंच केंद्राच्या साहेबांना बघायचं होतं. लसूणघास नि क्लोव्हर मिळून दहा टक्क्यांच्या खाली गेले की प्रयोग बंद आणि काकूंची शहरातल्या बियाणे कार्यालयात बदली, असं ठरलं होतं. शहरात त्यांची लेक होती. तिला सातवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला काकूंना जाता आलं नव्हतं आणि ते मूल राहिलं नव्हतं.

बदलीचे दोन अर्ज परत आले होते. कारण वनमेथी. हे तण कोवळं असताना हुबेहूब लसूणघासासारखं दिसतं. ते ओळखणं एकट्या काकूंना जमायचं; त्या पान जिभेला लावायच्या. कडू लागलं की वनमेथी.

"काकू, दुसऱ्या कुणाला तरी शिकवा ना."

"तिघांना शिकवलं. तिघांची बदली झाली. शिकवायला मी उरले."

त्या वर्षीच्या शेवटच्या कापणीला दुपारपर्यंतच्या आकड्यांवरून लसूणघास नि क्लोव्हर मिळून अकरा टक्के भरणार हे मला दिसत होतं. काकूंना तर काट्याचीही गरज नव्हती. त्यांनी लसूणघासाच्या ढिगातली चिमूटभर पानं उचलली आणि तणाच्या ढिगावर ठेवली. पुढच्या ताटात तेच. उरलेल्या बाराही ताटांत तेच. मी पाहिलं, मान खाली घातली आणि तणाच्या रकान्यात वनमेथी म्हणून लिहिलं. मला त्यांची कणव आली होती. आणि खोटं कशाला बोलू, नवी बाई आली तर खोलीत जरा मोकळा वारा येईल, असंही वाटलं होतं. बेरीज नऊ पूर्णांक चार आली.

आठवड्याने साहेब हसत आत आले. "प्रयोग संपला, काकू. सुटलात."

काकूंनी चिमटा पुसून डबीत ठेवला.

"पण वनमेथी इतकी वाढली? कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी लगेच वरून मंजुरी आणली. आता पाच वर्षं हेच बघायचं, ती कुरणात घुसते कशी. आणि ती ओळखणारं तुमच्याशिवाय आहे कोण?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर दोघींच्या नोकऱ्या गेल्या असत्या आणि सतरा वर्षांच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवला नसता. मी तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आला. "आई, सामान बांधलंस का?"

"बांधतेय गं," काकू म्हणाल्या आणि डबा न उघडताच पिशवीत टाकला.

पुढच्या महिन्यात नव्या प्रयोगाचं पहिलं ताट आलं. गवत, क्लोव्हर, लसूणघास. वनमेथी औषधालाही नव्हती. तसं लिहिलं असतं तर गेल्या खेपेची कुठून आली, हा प्रश्न त्याच दिवशी उठला असता.  काकूंनी लसूणघासाचं एक पान उचलून जिभेला लावलं.

"कडू आहे?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि ते पान तणाच्या जागी ठेवलं. "लिही, वनमेथी."