खरवस आणि खिळ्यांचा पट्टा

आमच्या वस्तीवर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा नसेल, तर ते कुत्रं फार हंगाम काढत नाही. राजुरीच्या शिवारात चहूबाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. गोठ्यातलं वासरू त्याला जड जातं, अंगणातलं कुत्रं सोपं पडतं. तो मान धरतो. म्हणून जाड चामड्याच्या पट्ट्यात टोकं बाहेर राहतील असे खिळे ठोकतात आणि दिवस मावळायच्या आत तो कुत्र्याच्या गळ्यात बांधतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाहते आहे.

माझी अडचण अशी होती की माझ्या कुत्र्याच्या मानेला कोणालाही हात लावता येत नव्हता.

तो माझ्या माहेराहून आला. माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भाताच्या खाचरांकडे. रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून तिथे काही जण बांधाला वायरची फासकी लावतात. हा कुत्रा कुणाच्या तरी फासकीत अडकला, झटापट करून सुटला, पण मोटारसायकलच्या क्लचची वायर गळ्यातच राहिली आणि कातडीत रुतली. भाऊ म्हणाला, "ह्यो काय जगत न्हाई. तू अर्धी डाक्टरीणच हाईस, बघ तुला काय जमतंय का."

मी डॉक्टरीण नाही. माझ्या गोठ्यात चौदा गाई आहेत आणि वीस वर्षं त्यांचं मीच पाहते, एवढंच. त्याला पोत्यात घालून पिकअपमधून आणला. गुरांच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन वायर काढली. जखम महिन्याभरात भरली. तो माझ्या हातून भाकरी खाऊ लागला, पाठीवर हात फिरवू देऊ लागला. हात खांद्यांच्या पुढे सरकला की मात्र ओठ मागे आणि दात बाहेर.

तेव्हा पावसाळा सरत आला होता. घरामागचा ऊस दिवाळीनंतर तुटायचा होता. ऊस उभा असतो तोवर बिबट्याला त्यात लपायला जागा असते. तोड सुरू झाली की तो वस्तीच्या कडेकडेने फिरायला लागतो. आदल्या वर्षी धाकट्या जावेचं कुत्रं तोडीच्याच आठवड्यात गेलं. म्हणजे मुदत ठरलेली होती. ऊसतोडीची टोळी येईपर्यंत पट्टा चढला पाहिजे, नाहीतर हा कुत्रा राहत नाही.

सासऱ्यांना यात अवघड काहीच वाटत नव्हतं. "पोतं टाकायचं अंगावर, दोगांनी दाबायचं, तिसऱ्यानं बकल लावायचं. आजवर असंच करीत आलोय की."

मी हो म्हणाले. ही चूक माझी. कुत्रा माझ्याच हाकेला येत होता, म्हणून बोलवायचं काम माझ्याकडे. नवरा आणि दीर पाण्याच्या टाकीमागे पोतं घेऊन दबून बसले. मी भाकरी हातात धरून "यू, यू" केलं. तो शेपूट हलवत आला, भाकरी तोंडात धरली आणि पोतं पडलं. पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. दिराच्या अंगठ्याला दात लागले, पोतं फाटलं, कुत्रा उसात. दिराला रेबीजच्या सुया घ्यायला लागल्या आणि प्रत्येक सुईच्या दिवशी तो मला अंगठा दाखवून जायचा.

चौथ्या दिवशी कुत्रा उकिरड्यापाशी उभा दिसला. पोट खपाटीला गेलेलं. मी भाकरी पुढे केली. त्याने भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मागच्या मागे निघून गेला. मला स्वतःचा राग आला. तीन महिन्यांत कमावलेलं मी एका भाकरीत घालवलं होतं.

राग आला की मी गोठा झाडते. झाडता झाडता समोर पहिलारू गाय होती, आदल्याच दिवशी व्यालेली. पहिल्या खेपेची गाय कासेला हात लावू देत नाही. तिचे पाय बांधून धार काढणारे आहेत. त्यांना ते पाय वर्षभर बांधावे लागतात. मी तसं करत नाही. पुढे पेंड ठेवते, कासेला हात लावते, तिने पाय उचलायच्या आत हात काढते. आठवड्याभरात गाय उभी राहते. हे मला येत होतं. मग कुत्र्याच्या बाबतीत मी पोत्याला का हो म्हणाले, याचं उत्तर एवढंच की सगळे तसंच करतात.

भाकरी आता बाद झाली होती. भाकरी म्हणजे पोतं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. दुसरं काहीतरी हवं होतं, जे त्याने कधी खाल्लं नाही आणि ज्यासाठी तो जीव टाकेल. सासूबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळे घरात अंडं-मासळी नाही. पण गाय नुकतीच व्यालेली. वासराला पोटभर पाजून उरलेला चीक मी गूळ न घालता वाफवला, बोटाच्या पेराएवढ्या वड्या कापल्या आणि फ्रिजमध्ये ठेवल्या. पहिली वडी उकिरड्याकडे टाकली आणि पाठ फिरवून चालू लागले. मागे पाहिलं नाही. चाटण्याचा आवाज आला तेवढा पुरला.

आता आमच्याकडे गाय व्याली की चीक शेजारी पाठवायची रीत आहे. एक तांब्या जावेकडे, एक पलीकडच्या घरी. त्या खेपेला कुणाकडेच गेला नाही. जाऊ दोन दिवस थांबली आणि मग धुणं वाळत घालताना म्हणाली, "ताई, गाय व्याली का नुसतीच फुगली व्हती?"

"व्याली. चीक कुत्र्याला लागतोय."

"असं व्हय. मंग पुढल्या टायमाला मी बी दात काढून उकिरड्यावर उभी ऱ्हाते. मला बी मिळंल."

"अंगठा चावशील?"

"कुणाचा चावायचा ते सांगा फकस्त."

पण गोठ्यात चौदा गाई असल्या की एकीमागून एक व्यायला येतातच. माझ्या वड्या संपल्या नाहीत.

काम साधं होतं, पण घाई केली की बिघडणारं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ, धारा झाल्यावर, दहा मिनिटं. तो जवळ आला की मी जिभेने टाळूवर टक् असा आवाज करायची आणि वडी द्यायची. टक् म्हणजे वडी, हे त्याला दोन दिवसांत कळलं. मग खाटेच्या जुन्या पट्टीचा सैल फास केला आणि तो हातात धरून बसले. वडी फासाच्या पलीकडे. त्याने नाक घातलं, टक्, वडी. त्याने डोकं घातलं, टक्, वडी. फास मी ओढला नाही. त्याला हवं तेव्हा डोकं काढता येत होतं, आणि तो काढायचाच. काढलं तरी मी काही म्हणत नसे. आपण निघू शकतो हे कळलेला कुत्रा पुन्हा येतो.

सासरे समोरच्या बाजेवर बसून हे रोज पाहायचे. एक दिवस म्हणाले, "कुत्र्याची मर्जी इच्यारून चाललंय सगळं. माझं लगीन ठरलं तवा मला बी कुणी इच्यारलं न्हाई."

आतून सासूबाई म्हणाल्या, "मला तरी कुणी इच्यारलं व्हतं?"



मानेवर हात ठेवायचं मी आकड्यांनी केलं. पहिल्या दिवशी मनात एक म्हणेपर्यंत हात ठेवला. मग दोन, तीन. चारला तो गुरगुरला. नवरा म्हणाला, "दे एक ठेवून." मी हात काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून सुरुवात केली. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली तर कुत्रा सूचना न देता चावतो, आणि मग आपणच म्हणतो की अचानक चावला.

पट्ट्यासाठी जुन्नरला गेले. तिथे चामड्याचं काम करणारे एक चाचा आहेत, बैलांच्या गळ्यातले पट्टे करणारे. आता बैल कमी आणि कुत्रीच जास्त. त्यांनी विचारलं, "माप?"

"माप घेता येत नाही. हात लावू देत नाही अजून."

"मंग पट्टा बी न्हाई, बाई. सैल झाला तर पंजा अडकतो, टाइट झाला तर जखम व्हते. लोक मला शिव्या देतात, कुत्रा तर मरूनच जातो." त्यांनी सुतळीचा तुकडा हातात दिला. "दोन बोटं आत जातील एवढं सोडून गाठ मारा अन् आणा."

त्या सुतळीला मला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी मी पुन्हा जुन्नरला गेले आणि गाठ मारलेली सुतळी चाचांच्या पाटावर ठेवली. त्यांनी ती ताणून पाहिली. "आता जमलं," म्हणाले आणि लगेच चामडं कापायला घेतलं. परत येताना लेण्याद्रीच्या फाट्यावर गाडी थांबली, लोक दर्शनाला उतरले. मी जागेवरच बसून राहिले. मला घरी जाऊन धारा काढायच्या होत्या, पण मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

पट्टा आला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. वड्या मी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळीत ठेवल्या होत्या. त्याने पट्ट्यातून डोकं घातलं, मान खाली नेली, खिळे थाळीवर खणकन आपटले. तो थेट बांधापर्यंत पळाला. पाच दिवस पट्टा दिसला की दूर बसायचा. थाळीच्या जागी मी गोणपाट आणलं. खिळ्यांचं काय करावं याचा विचार करत होते, तर सासरे बाजेवरून उठले, शेडमधून ड्रिपची जुनी नळी आणली आणि विळीवर तिचे बोटभर तुकडे करायला बसले.

"प्रत्येक खिळ्याला एक टोपी," ते म्हणाले. "आवाज बी नाय अन् टोचणार बी नाय. सवय झाली का काढून टाक."

"तुम्हाला तर पोतंच बरं वाटत होतं."

"पोतं फाटलं की."

टोप्या घातलेला पट्टा तो घालून घेऊ लागला. बकल लावलं की दहा आकडे, मग सोडायचं. वीस आकडे, सोडायचं. पन्नासवर आलो होतो तेव्हा कारखान्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि टोळी उद्याच येणार असं सांगून गेला. आम्ही आठ दिवसांनी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टोळीतली माणसं, त्यांची पोरं, त्यांची दोन कुत्री. दुपारपर्यंत निम्मा ऊस आडवा झाला. घराच्या मागे भिंतीसारखा उभा असायचा तिथे आता मोकळं आभाळ होतं. टोळीतली एक बाई सांगत आली की पलीकडच्या सरीत पंजे उमटलेत, ओले आहेत. आमचा कुत्रा सकाळपासून ट्रॉलीखाली अंग चोरून पडला होता.

ऊन उतरल्यावर दीर आला. हातात नवं पोतं. "वयनी, न्हाईच जमलं तर मी हाय."

"पोतं आधी घरात ठेव. त्याला दिसलं तर आजही नाही आणि पुढेही नाही."

तो कुरकुरला, पण ठेवून आला. मी रोजच्या जागी गोणपाट टाकून बसले. खिळ्यांवरच्या टोप्या एकेक काढल्या. मग पट्टा गोल धरला आणि जिभेने टक् केलं. ट्रॅक्टर सुरूच होता. मला वाटलं, आवाज पोचला नाही. तरी दुसऱ्यांदा केलं नाही. ओरडून बोलावलं असतं तर ते बोलावणं उरलं नसतं.

तो ट्रॉलीखालून निघाला. मध्येच थांबला, कारण टोळीतली पोरं वाटेत होती. त्यांना वळसा घालून आला. माझ्यापुढे उभा राहिला, पट्टा हुंगला आणि मान आत घातली. मी बकल ओढलं, पिन भोकात बसवली, दोन बोटं घालून पाहिली. टक्. वडी, वडी, आणखी एक वडी. मी हात काढला तरी तो जागचा हलला नाही. पट्टा गळ्यात आणि माणूस एकही अंगावर नाही.

"बसला की," सासरे म्हणाले.

दीर म्हणाला, "माझा अंगठा उगाच गेला मंग."

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी सकाळी गोठ्याकडे गेले तर कुत्रा दारातच उभा. उजव्या खांद्यावर ओरखडे, रक्त सुकलेलं. पट्टा फिरून बकल वर आलेलं. एका बाजूचे दोन खिळे वाकलेले आणि चामड्यावर दातांच्या खोल खुणा. कापलेल्या उसाच्या खोडव्यात बिबट्याचे पंजे आले तसेच परत गेले होते. मी खाली बसले, बकलला हात घातला. खांदा दुखत असणार, तरी त्याने मान पुढे दिली. पट्टा काढून मान चाचपली. जुन्या वायरीचा वण सोडला तर मानेवर ओरखडाही नव्हता. जखम पोटॅशच्या पाण्याने धुतली. त्याने तेही करू दिलं.

मी जिंकले होते आणि मला ते कुणाच्या तोंडून ऐकायची गरज नव्हती. तरी ऐकायला मिळालं. सासऱ्यांनी वाकलेले खिळे निरखून पाहिले आणि आणे गावातल्या त्यांच्या बहिणीला फोन लावला. "अगं, लई सोपं हाय," ते सांगत होते. "त्याच्या मर्जीनं घ्यायचं. जबरदस्ती न्हाई करायची. आमी असंच केलं." मग दहा मिनिटं त्यांनी आत्याबाईंना माझी सगळी रीत जशीच्या तशी समजावली, आकड्यांसकट. कुठेही चुकले नाहीत. दुधाची गाडी यायला अर्धा तास होता आणि चौदापैकी एकाही गाईची धार झाली नव्हती. बादली घेतली आणि पहिलारूखाली बसले.