छत्तीस नव्हे

साहेबांच्या बाईंनी माझ्या कुर्त्याच्या गळ्याशी बोट घातलं आणि ब्राचा पट्टा बाहेर ओढला.

"अगं, ही तर माझीच!"

हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसल्या. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. हातात चहाचा ट्रे. आईही हसली. तिचं ते हसणं मला अजून बोचतं.

आई खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. त्यांच्या उतरलेल्या ब्रा घरी आणायची. उसवून, टाके घालून आम्हा दोघींना बसवायची. मी म्हणायची, "टोचते वं माय."

"होते अंगाले सवय."

गेल्या महिन्यात आई गेली. शेवटची आंघोळ घालताना तिच्या खांद्यांवर दोन खोल वळ दिसले. मी बोट ठेवलं. बोट आत बसलं.

मला नोकरी लागून सहा वर्षं झालीत. ग्रंथालयात. तरी दुकानात मी हळूच 'छत्तीस' सांगायची. लेबलावर वाचलेला तेवढाच आकडा मला ठाऊक होता. तो त्या बाईंचा होता.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि मी सदरच्या बाजारात ब्राच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, "माप घ्या माझं."

तिनं मला पायातल्या चपलेपर्यंत पाहिलं. "पाहूनच समजते आम्हाले. छत्तीस घेऊन जा."

"घालून बघायची आहे."

"ट्रायल नाही भेटत. माल खराब होते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक बाई चार ब्रा घेऊन बाहेर आली. तीन परत ठेवल्या.

मी विचारलं, "ह्या नाही झाल्या खराब?"

"मॅडम आपल्या नेहमीच्या आहेत."

"मग टेप द्या. मी इथंच मोजते."

दुकानात पुरुषही होते. कुर्त्यावरूनच टेप गुंडाळला आणि आकडा मोठ्यानं वाचला. "बत्तीस!" कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी पुन्हा वाचला असता.

मग बत्तीसच्या पाच उचलल्या आणि न विचारता आत गेले. चौथी बसली. कुठं टोचेना. मी भरून श्वास घेतला. मग आईसाठी रडले, तिथंच, दाराला कडी लावून. बाहेरून दोनदा थाप पडली. मी घाई केली नाही.

काल मावशी आली होती. तिची मुलगी यंदा कॉलेजात गेली. मावशी म्हणाली, "तुह्या जुन्या पडल्या असतील तर दे ना वं तिले."

"नाही देणार."

मावशीला राग आला. येऊ दे. रविवारी मी त्या पोरीला दुकानात नेणार आहे. दुसऱ्या कुणाच्या अंगावरून उतरलेलं आमच्या घरात आता कुणी घालणार नाही.