लुक्ट म्हणायचं, लुकेड नव्हे

मराठवाड्यावर इंग्रजांनी कधी थेट राज्य केलं नाही. ती उणीव आमच्या थोरल्या मामांनी एकट्यानं भरून काढली. उदगीरच्या एका शाळेत ते तीसेक वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आज कितीही मोठा साहेब झालेला असला, तरी इंग्रजी क्रियापद भूतकाळात नेण्याआधी एकदा दाराकडं बघून घेतो. मीही त्यांचाच विद्यार्थी, पण फक्त उन्हाळ्यातला. नववीत इंग्रजीत माझी दांडी उडाली, तेव्हा वडिलांनी मला नांदेडच्या स्टँडवरून बसमध्ये बसवून दिलं आणि मामांच्या स्वाधीन केलं.

मामांचा सगळा जीव नियमित क्रियापदांवर. 'ई-डी'चं शेपूट लावलं की भूतकाळ तयार, तेच शेपूट तिसऱ्या रूपालाही, कुणाची तक्रार नाही. अनियमित क्रियापदांविषयी मात्र ते भावकीतल्या वाया गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं आवाज उतरवून बोलत. 'गो'ला स्वतःचा भूतकाळ झाला नाही म्हणून त्यानं 'वेन्ट' दत्तक घेतलं, असं त्यांचं म्हणणं. पुढं कॉलेजात कळलं की ते फारसं खोटंही नव्हतं. चालू काळाचा विषय निघाला की त्यांना आपल्या मुलखाचा अभिमान दाटून येई. म्हणत, "पुण्याचा माणूस काम करतो. आपण करून राहिलो. चालू काळ आपल्या रक्तात हाय." हा पुरावा त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांनाही ऐकवला होता. साहेब पुण्याचेच निघाले, तरी मामांनी एक अक्षर मागं घेतलं नाही.

पण त्यांचं खरं वैर होतं 'एड' ह्या उच्चाराशी. मराठी शाळेतलं पोर समोर जे छापलंय ते इमानानं वाचतं: लुकेड, वॉशेड, कॉलेड. मामांना ते कानात खडा गेल्यासारखं होई. क, प, स, श, च यांच्या मागं ट. ट आणि ड यांच्या मागं इड. बाकी सगळीकडं साधा ड. लुक्ट, वॉश्ट, कॉल्ड. हे त्यांनी आम्हांला उठता-बसता, आंबे पिकायला माचात घालताना, हौदावर अंघोळ करताना घोकायला लावलं. त्यांच्या निरोपसमारंभात मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले की, आज सर रिटायरेड होत आहेत. मामांनी अंगावर येणारी शाल हातानं थांबवली, "रिटायर्ड" म्हणाले आणि मगच नारळ घेतला.

हा सगळा वर्ग ओसरीवर भरे आणि मामी आत भाकरी थापत असे. तिची शाळा चौथीत सुटलेली. गावच्या पोरांना हाताला धरून शिकवणाऱ्या ह्या माणसानं बायकोला मात्र एक शब्द शिकवला नाही. तिनं एकदा मधेच काही विचारलं तर, तुला काय करायचंय ते, म्हणून मोकळे झाले. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं, पण नववी नापास पोरानं बोलायचं कुणाकडं?

मागच्या वर्षी मामांना झटका आला. तोवर ते दोघं लातूरला मुलाकडं राहायला आले होते. उजवा हात गेला तो महिनाभरात थोडा परतला. वाचा मात्र गेली ती गेलीच. दिवसभर खिडकीशी बसून राहत, काही हवं असलं तर "हं" म्हणत, तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जे पाठ असेल ते म्हणवून घ्या, सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका. मुलानं पाढे म्हणून पाहिले, सुनेनं रामरक्षा म्हटली. मामा भिंतीकडं बघत राहिले. ह्या माणसाचा आवाज आता पुन्हा ऐकू येणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मामीनं धरलं नव्हतं.

मी एका रविवारी नांदेडहून गेलो, तेव्हा ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली होती. हातात पुस्तक नाही, काही नाही. म्हणाली, "लुक, लुकेड, लुकेड." मामांच्या कपाळावर आठी उमटली. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मामांचे ओठ हलले आणि चांगल्या हातानं खुर्चीवर थाप मारून ते म्हणाले, "क्ट." पुढं बराच वेळ दम खात राहिले.

मी मामीला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं की, मामी, ते लुक्ट असतं, वॉश्ट असतं. उद्या बरोबर म्हण म्हणजे त्यांना त्रास होणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदरानं हात पुसले.

"मला काय ठाऊक न्हाई का रे? इतकी वरसं आतून तेच ऐकून राहिले. बरोबर म्हणलं की गप बसतेत. चुकलं की बोलतेत."

त्यानंतर मी तिला शिकवायला गेलो नाही. ती रोज सकाळी चुकत होती आणि मामा रोज सकाळी चिडत होते. 'क्ट'चं 'लुक्ट' झालं, मग 'चहा' आला, नातीचं नाव आलं. बरंचसं परत आलं नाही; पुण्याच्या माणसाबद्दलचं ते वाक्य मी दोनदा काढून पाहिलं, मामा नुसते हसले.

परवा गेलो तेव्हा मामीला ताप होता. तरी नेहमीच्या वेळेला ती स्टुलावर येऊन बसली. "वॉश," म्हणाली, आणि अंगातल्या कणकणीत चुकायचं विसरून गेली. "वॉश्ट, वॉश्ट."

मामा गप्प झाले. तिच्याकडं बघत राहिले, इतका वेळ की मी पाणी आणायला उठलो. मग ती रोज चुकायची तसंच त्यांनी एकेक अक्षर जुळवत म्हटलं, "वॉ... शेड."

मामीच्या डोळ्यांना धार लागली. "वॉश्ट," ती म्हणाली.

मामांनी मान डोलावली, आणि तिच्यामागून तो शब्द पुन्हा म्हटला.