मुर्ध्याला पाठवायची झिप फाइल

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि शनिवार-रविवार मुर्ध्याला, आपल्या गावी, मुलांसाठी अभ्यासिका चालवते. एक खोली, चार जुने संगणक, इंटरनेट नाही. ती म्हणाली, "बाई, तुमचा आणि टीचरांचा उदाहरणसंग्रह हवाय. सगळ्याची एक झिप करून पेनड्राइव्हवर द्याल? बाकी काही नको, फक्त धडे."

"देईन की," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि संगणकासमोर बसले. काम दहा मिनिटांचे होते. मला त्याला चार दिवस लागले.

टीचर म्हणजे माझ्या सहकारी. भाईंदरच्या ज्या शाळेत आम्ही दोघींनी आयुष्य काढले तिथे सगळ्या शिक्षिका एकमेकींना 'बाई' म्हणत. त्यांना मात्र मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे 'टीचर' म्हणत, कारण त्या समुद्रकाठच्या, उत्तनकडच्या डोंगरी या ख्रिस्ती वस्तीच्या गावातून येत आणि त्या बाजूची मुले हाच शब्द घेऊन शाळेत आली होती. पंचवीस वर्षे एका स्टाफरूममध्ये बसूनही आम्ही एकमेकींना 'तुम्ही'च म्हणत राहिलो. त्यात दुरावा नव्हता. तशी सवयच होती.

निवृत्त झाल्यावर दोघींनी मिळून सातवीच्या गणितासाठी उदाहरणांचा संग्रह लिहायला घेतला. मी शहरात सिल्व्हर पार्कला, त्या डोंगरीला. रोज भेटणे शक्य नव्हते. तेव्हा याच विद्यार्थिनीने आम्हाला रिपॉझिटरी करून दिली. आम्ही कुरकुर केली, तर म्हणाली, "तुम्ही आमच्याकडून तिसाचा पाढा घोटून घेतलात, बाई. चार कमांड काय जड आहेत?"

ज्यांना ही रिपॉझिटरी ठाऊक नाही त्यांनी शाळेतली कच्ची वही आठवावी. मात्र अशी कच्ची वही, जिच्यात खोडरबर चालत नाही. तुम्ही एखादा धडा बदललात की बदलाची नोंद करायची आणि सोबत एक ओळ लिहायची: काय केले. जुना मजकूर तळाशी राहतो, नवा वर येतो. कोणी, कोणत्या दिवशी, काय लिहिले आणि काय काढले, हे सगळे क्रमाने वाचता येते. एक प्रत माझ्या घरी, एक त्यांच्या घरी, आणि नोंदी दोन्हीकडे पोचत्या करायच्या.

माझ्या नोंदी अशा असत: 'प्रकरण ३, उदाहरण ७: भाजकाची दुरुस्ती.' टीचरांच्या अशा: 'दशांश चिन्ह एक घर डावीकडे नेलं. भाकरी करपली.' किंवा 'व्याजाची दोन उदाहरणं वाढवली, मांजर कीबोर्डवर बसली होती, चुकलं असेल तर तिला विचारा.' मी त्यांना एकदा सांगितले होते की नोंदीत फक्त कामाचे लिहावे. त्या म्हणाल्या, "भाकरी पण कामच की, बाई."

चार वर्षे असे चालले. मग मी बारावे प्रकरण काढून टाकले.

ते त्यांनी एकटीने लिहिले होते. विषय अपूर्णांकांचा गुणाकार, पण त्यातली सारी उदाहरणे पाण्याची. त्यांचे वडील मच्छीमार. पाऊणकीचा पाढा त्यांच्या तोंडी होता. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, असा त्यांचा हिशेब. आज चतुर्थी, तर चाराचे पाऊणपट तीन. भरती तीनच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. 'होडी पाण्यात लोटायची आहे, तर घरून कधी निघाल?' असा पहिला प्रश्न होता.

मी ती उत्तरे छापील भरतीपत्रकाशी ताडून पाहिली. कधी वीस मिनिटांचा फरक, कधी अर्ध्या तासाचा. गणिताच्या पुस्तकात असे उत्तर कसे द्यायचे? शिवाय तिथी अभ्यासक्रमात नाही. मी प्रकरण काढले आणि नोंद केली: 'अभ्यासक्रमाबाहेरील मजकूर वगळला.'

टीचरांना फोन करून सांगायचे मी ठरवले होते. सांगितले नाही. त्यांनी ते आपल्या घरी, नोंदींच्या यादीत वाचले असणार.

त्यानंतर त्यांच्या नावाची एकही नोंद आली नाही. मी दोनदा फोन केला. त्या हवापाण्याचे बोलल्या, चर्चच्या दुरुस्तीचे बोलल्या, "चला, गॅसवर ठेवलंय" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या प्रकरणाचे नाव त्यांनी काढले नाही, म्हणून मीही काढले नाही. दीड वर्ष गेले. मी एकटी दुरुस्त्या करत राहिले. आमच्या इमारतीत शेजारी गुजराती, समोर उत्तर भारतीय कुटुंब, खाली दुकानदार मारवाडी. माणसे चांगली आहेत, पण सगळ्यांशी बोलणे हिंदीतून. कधी कधी दोन-दोन दिवस मी मराठीत एकच वाक्य बनवीत असे, आणि ते त्या नोंदीत लिहीत असे. ते वाचणारे पलीकडे कोणी उरले नव्हते. तरी मी शुद्धलेखन तपासून घेत असे.

तर मुर्ध्याच्या झिपचे काम असे होते. आमची रिपॉझिटरी ज्यावर चालते त्या गिटमध्ये यासाठी स्वतंत्र कमांड आहे. तिला एखादी नोंद दाखवली की त्या नोंदीच्या क्षणी सगळे धडे जसे होते तसे ती उचलते, दाबून लहान करते आणि एका फाइलीत बांधून देते. कच्च्या वहीवरून पक्की वही उतरावी तसे. पक्क्या वहीत खाडाखोड येत नाही, कोणी कधी काय लिहिले तेही येत नाही.

कमांड लिहून झाली होती, बोट एंटरवर होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही फाइल मला फार सोयीची आहे. मुर्ध्याच्या मुलांना अकरा प्रकरणे मिळतील, क्रमांक एक ते अकरा, मध्ये फट नाही. बारावे होते, हे त्या फाइलीवरून जगात कोणालाच कळणार नाही. आणि ती मुले तर खाडीच्या काठावरची. ज्यांच्या घरी अजून भरती विचारून बाहेर पडतात अशी.

मी बोट काढले.

एक मार्ग होता: कमांडला दीड वर्षापूर्वीची, प्रकरण काढण्याच्या आधीची नोंद दाखवायची. तिला जुने-नवे सारखेच. पण मग नंतरच्या दीड वर्षाच्या दुरुस्त्या गळल्या असत्या आणि चुकीची उत्तरे मुलांच्या हाती गेली असती. म्हणून मी जुन्या नोंदीतून तेवढे एक प्रकरण वर काढले आणि आजच्या फोल्डरमध्ये आणून ठेवले. उघडून पाहिले. होडीचा प्रश्न जागेवर होता. बारा फाइली मोजल्या, कमांड चालवली, झिप पेनड्राइव्हवर घेतली. मुर्ध्याला देण्याआधी ती टीचरांना दाखवायची, असे ठरवले. त्यांनी बारावे प्रकरण पाहावे. पुढचे बोलणे त्यातून निघेल, अशी माझी आशा होती. खरे सांगायचे तर झिपपेक्षा मला तेच हवे होते.

फोनवर विचारले, "रविवारी दुपारी येऊ का?"

"या की. घर कुठं पळून गेलंय?"

रविवारी दोन बस बदलून गेले. मुर्धा, राई ही गावे मागे पडली. मिठागरांच्या जागी नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. टीचर ओट्यावरच बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी मला पाणी दिले आणि पेनड्राइव्हकडे पाहिले.

"काय आणलंत?"

"मुर्ध्याच्या अभ्यासिकेसाठी झिप केलीय. तुम्ही आधी पाहा. तुमचं प्रकरण परत घातलंय."

त्यांनी आत जाऊन लॅपटॉप आणला, चष्मा लावला, पेनड्राइव्ह बसवला. ओढणी सारखी करावी तसा चष्मा दोनदा सारखा केला. झिप उघडली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, पडद्याकडे नाही.

त्यांचे बोट पडद्यावरून खाली आले आणि थांबले.

"बाई, अकरा आहेत."

"बारा आहेत."

"मोजा तुम्ही. गणिताच्या तुम्ही."

मी मोजले. अकरा. पुन्हा मोजले.

"यात न्हाय ते," त्या म्हणाल्या. शाळेत त्यांच्या तोंडून गावची बोली मी कधी ऐकली नव्हती.

"घरी फोल्डरमध्ये आहे, टीचर. मी उघडून वाचलंय. होडीचा प्रश्न पहिला."

"आपली मुलं पण हेच सांगायची," त्यांनी चष्मा काढला. "बाई, वही घरी राहिली."

मला हसू आले आणि लगेच गेले, कारण त्या हसत नव्हत्या.

"पहिल्या वेळी काढलंत तेव्हा कारण तरी लिहिलं होतंत."

दीड वर्षात त्या विषयावरचे हे पहिले वाक्य. मी म्हणाले, "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारायचं राहू द्या. सांगायचं. यादीला सांगितलंत, मला नाही. मी काय इतकी लांब राहते?"

त्यांनी चहा केला. तो आम्ही प्यालो. वडिलांच्या होडीचे काय झाले, हे मला विचारायचे होते. पण त्या दिवशी तो प्रश्न माझ्या तोंडी शोभला नसता. पेनड्राइव्ह त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "पाचची बस गाठा. नंतर गर्दी असते."

राई ओलांडली तेव्हा माझी चूक मला कळली. ती कमांड फोल्डरमध्ये काय पडले आहे ते पाहतच नाही. ती फक्त नोंदवलेले तेवढे बांधते. प्रकरण मी आणून ठेवले होते, त्याची नोंद केली नव्हती. म्हणजे ते माझ्या टेबलावर होते, वहीत नव्हते. आणि झिप तयार झाल्यावर ती उघडून मी पाहिली नव्हती. तीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आले: उत्तर काढल्यावर ताळा करा. एकदाच ताळा केला नाही, तो नेमका इथे.

चूक तांत्रिक होती, हे टीचरांना फोनवर सांगता आले असते. मी सांगितले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ते प्रकरण दुसऱ्यांदा नाहीसे झाले होते. ते कोणत्या कारणाने, याने त्यांना काय फरक पडणार होता?

घरी आले, दिवा लावला, संगणक सुरू केला. त्यानेही तेच सांगितले: एक फाइल ठेवलेली आहे, नोंद बाकी आहे. नोंदीच्या ओळीत काय लिहावे यावर मी बराच वेळ बसून होते. शेवटी लिहिले: 'टीचरांचे प्रकरण १२ परत घेतले. काढण्याआधी त्यांना सांगायला हवे होते.' ती माझ्या सगळ्या नोंदींमधली पहिली ओळ जिच्यात कामाबाहेरचे काही होते. मग झिप नव्याने बांधली, उघडली, मोजली. बारा. प्रत्येक फाइल उघडून पाहिली. त्या आठवड्यात ती मुर्ध्याला पोचती केली.

टीचरांचा फोन आला नाही. मी रोज सकाळी, दूध तापवून झाले की, त्यांच्याकडून काही आले आहे का ते तपासत असे. वर माझीच ओळ असायची. महिना गेला, नाताळ आला. मी शुभेच्छांचा निरोप पाठवला. उत्तरात हात जोडलेले चित्र आले.

जानेवारीत एका सकाळी यादीत माझ्या ओळीच्या वर एक ओळ होती. नाव टीचरांचे. बदल एवढाच: बाराव्या प्रकरणात, पहिल्या प्रश्नाखाली, त्यांनी एक टीप वाढवली होती. 'हे उत्तर अंदाजाचे आहे. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. भरतीपत्रक पाहून घ्यावे.'

माझा आक्षेप होता तो हाच. दीड वर्षापूर्वी फोन केला असता तर तो एका टिपेत मिटला असता.

आणि नोंदीच्या ओळीत लिहिले होते: 'टीप टाकली. भात उतू गेला.'

मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. त्यांनी नोंदीत लिहिले होते, फोन केला नव्हता; मीही नोंदीतच राहावे, असे मला वाटले. मुर्ध्याची झिप आता जुनी झाली होती. नवी बांधली. या वेळी ताळा आधी केला: बारा प्रकरणे, बाराव्यात टीप. भाताची ओळ अर्थातच त्यात आली नाही. ती माझ्याकडे आणि त्यांच्याकडे राहिली.

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन मुर्ध्याला गेले. विद्यार्थिनीने चारही संगणकांवर फाइली उतरवल्या, बारावे प्रकरण उघडले आणि टिपेवर थांबली.

"ही नवीन दिसतेय. तुमची ना, बाई? तुम्हीच एवढ्या काटेकोर."

"टीचरांची."

"हो? येतात का त्या तुमच्याकडे अजून?"

"नाही," मी म्हणाले. "लिहितात."