भरतीची घंटा

मिशनचे म्हातारे सर आज सकाळी धक्क्यावर पाणी बघत उभे होते. भरती चढू लागली तशी त्यांनी हात हलवला आणि त्यांच्या बायकोनं, शाळेच्या बाईंनी, घंटा दिली.

पूर्वी दोघं रोज दहालाच घंटा द्यायची. ओहोटी असली की पोरं आयांबरोबर खडकावर कालवं काढायला जायची, वर्ग ओस. शाळा बंद व्हायची पाळी आली, तेव्हा मीच म्हटलं, "भरतीला भरवा शाळा."

"आजी, आधी सांगायचंत ना!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत कुठं?"

शिकवणारी माणसं सहसा शिकत नाहीत. ही दोघं सत्तरीत शिकली.

हजेरीला सगळी पोरं ओल्या पायांनी "हजर" ओरडली, माझी नात सर्वांत मोठ्यानं. आता बघू, कोण शाळा बंद करतो!