अण्णांची उस्ताद

ताडकळसच्या बाजारात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणत. अण्णा आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी भरत. घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि माझं शिक्षण त्या तारेवरच झालं. आता मी परभणीला शाळेत शिकवतो.

मधल्या काळात शेताशेतात सौर पंप आले. चांगलंच झालं. लाइटीची वाट बघणं संपलं, आणि वर्गात मी त्याचं कौतुक मनापासून करतो. पण तो पंप बिघडला की कंपनीचा माणूस येतो. अण्णांच्या दुकानाकडं कुणी फिरकेना. रविवारी गावी गेलो की ते तार गुंडाळायचं जुनं मशीन पुसत बसलेले दिसायचे.

परभणीत सौर पंप दुरुस्तीचे वर्ग निघाले, तेव्हा मीच मागे लागलो. पन्नाशी उलटलेले अण्णा कसेबसे तयार झाले. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, बाकी सगळी विशीतली पोरं.

आमच्याकडच्या मिस्तरींची जन्माची सवय म्हणजे लाइट गेली की वायरीला हात घालायचा. एके दिवशी वर्गातही अण्णांनी बटन बंद केलं आणि भर दुपारी पॅनलची वायर सोडवली. झटक्यानं ते मागे फेकले गेले. मॅडम धावत आल्या. हात तपासला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, पॅनल झाकल्याशिवाय हात लावू नका म्हटलं होतं ना? सूर्याला लोडशेडिंग नसतं!"

पोरं खदखदून हसली.

संध्याकाळी मी त्यांना घेऊन गावी गेलो. ओसरीवर टेकताच अण्णा म्हणाले, "मी न्हाई जायचो आता. लेकीच्या वयाची पोरगी हाय ती. चारचौघांत हसं झालं."

आई तांदूळ निवडत होती. "अन् तुमच्या उस्तादानं पान्हा फेकून मारला, तवा काय झालं व्हतं?"

"तो उस्ताद व्हता."

"मग हिला कुठं केलंय उस्ताद? रिकाम्या हातानं तर गेलाव!"

अण्णांच्या धंद्यात काम शिकायला जाणारा आधी उस्तादाच्या हातात नारळ ठेवतो. त्यानंतर उस्तादाचं बोलणं अपमान धरायचं नाही, अशी रीत. नवं काम म्हणजे नवी हत्यारं, एवढाच हिशेब मी केला होता. गावानं मिस्तरी म्हणून मानलेल्या माणसाला पुन्हा शागीर्द व्हायचं होतं. ती वाट आईला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत मी सोबत गेलो. अण्णांनी पिशवीतून नारळ काढून मॅडमच्या हातात दिला.

"आज काय आहे, काका?"

"काय न्हाई. आता काय बोलायचं ते बोला."

मॅडम क्षणभर गोंधळल्या. मग नारळ दोन्ही हातांत धरून, हसू दाबत म्हणाल्या, "बरं. मग आधी काय करायचं, सांगा."

अण्णांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि आईची जुनी गोधडी बाहेर काढली. पोरं परत हसली. या वेळी अण्णाही हसले, आणि एका पोराला म्हणाले, "हसतो काय? तिकडचं टोक धर."

पॅनल झाकलं गेलं. मी शाळेकडे निघालो.