नमुन्याजवळ ठेवलेली कविता

ग्रेडरकाका कविता चिमटीत धरत. धरत कागदच, पण अंगठा आणि तर्जनीत असा, की आता त्यातून धागा ओढून त्याची लांबी पाहतील. सत्तावीस वर्षे कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी तेच काम केले होते. गाडीतला पुंजका उपसायचा, डब्यातल्या नमुन्याशेजारी ठेवायचा आणि प्रत सांगायची. निवृत्तीनंतर आर्णीतल्या आमच्या लहानशा वाचनालयात दर रविवारी सकाळी ते कवितांची प्रत सांगू लागले. त्यांचे खरे नाव गावात थोड्यांनाच ठाऊक होते.

पद्धत कापसाचीच. "कापूस एकटा पाह्यला तं पांढराच दिसते," ते म्हणत. "नमुन्याजवळ ठेवला का मंग त्याचा पिवळेपणा समजते." नमुने म्हणून त्यांच्या खिशातल्या वहीत अकरा जुने अभंग आणि ओव्या उतरवलेल्या होत्या. नवी कविता मोठ्याने वाचायची, मग त्याच भावाचा जुना अभंग, मग पुन्हा नवी. दुसऱ्या खेपेला वाचणाऱ्याचा आवाज खाली गेला नाही, तर कविता पास. अशा कविता वर्षाकाठी दोन-तीन निघत.

ते कोणाची भीड ठेवत नसत. राळेगावहून बस बदलून आलेल्या एका तरुण शिक्षकाने आईवरची कविता वाचली. काका म्हणाले, "आई सात वेळा आली गड्या, पण एकदाही दिसली नाही." तो बिचारा हिरमुसला. काकांनी त्याला चहा पाजला, थांब्यापर्यंत सोडले आणि वाटेत त्याच्या आईबद्दल इतके विचारले की पुढच्या महिन्यात तो चांगली कविता घेऊन आला. उलट एकदा एका अंगणवाडीताईंनी आपल्या आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी म्हणून दाखवली. काकांनी शेजारी ठेवायला वही उघडली, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "याले कशाजवळ ठेवू? हा मालच नमुन्याचा हाये." ती ओवी त्यांनी वहीत बारावी म्हणून उतरवून घेतली.

मी पंचायत समितीत सांख्यिकीचे काम करतो. मला नुसते 'पास' पुरेना. मी पाच रकान्यांचा तक्ता केला: आशय, शब्द, लय, खरेपणा आणि नमुन्याशेजारी टिकाव, प्रत्येकी वीस गुण. काकांना हसू आले. "काहून रे आकडेशास्त्री, कापसाले का मार्क देतेत?" तरी वाचनालयाच्या वार्षिक काव्यस्पर्धेसाठी त्यांनी तो तक्ता मान्य केला. अट एकच घातली. प्रत्येक कवितेवरचा शेरा सर्वांसमोर वाचायचा. "प्रत सांगतली तं कारणही सांगा लागते."

काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी परीक्षक व्हायला नकार दिला. "यंदा मले सुट्टी द्या," एवढेच म्हणाले. माझ्यासह तिघे परीक्षक होतो. कवितांवर नाव नसे, फक्त क्रमांक, आणि सगळ्या एकाच दुकानातून टाइप करून घेतलेल्या. सतरा क्रमांकाची कविता चार ओळींची होती:

तुझ्या उशीतला कापूस
मी पिंजून घेतला नाही.
तू डोकं टेकायचीस
तिथला खळगा अजून आहे.

ती कोणाची ते मला लगेच कळले. पिंजारी आला तेव्हा मी काकांच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी घरातल्या गाद्या-उशा सगळ्या बाहेर काढल्या आणि एक उशी परत आत नेली. "हे राहू दे," म्हणाले. यापलीकडे मी विचारले नव्हते.

खरे तर मी तिथेच कविता ओळखल्याचे सांगून तिच्यापुरता बाजूला व्हायला हवे होते. तसे केले नाही. काकांनी शिकवल्याप्रमाणे ती वाचली, वियोगाचा जुना अभंग वाचला, पुन्हा ती वाचली. माझा आवाज खाली गेला नाही. पेन्सिलीने चौऱ्याऐंशी गुण लिहिले. त्या वर्षी मी इतके गुण कोणालाच दिले नव्हते. आणि मग मनात आले, नाव फुटले की लोक म्हणतील, चेल्याने गुरूला पहिले बक्षीस दिले. मी चौऱ्याऐंशी खोडून एकसष्ट केले. या कापाकापीला मी त्या दिवशी निःपक्षपात म्हणालो. ती भीती होती. कमी केलेल्या गुणांना शोभेल असा शेराही मीच लिहिला: 'जुन्या अभंगाशेजारी ठेवल्यास फिकी पडते.'

इतर दोघांचे मिळून एकशे सेहेचाळीस होते. माझे धरून दोनशे सात झाले. तिसरे बक्षीस दोनशे नऊला गेले, पहिले दोनशे एकवीसला.

शेरे वाचताना काका दुसऱ्या रांगेत होते. मी सतरावा शेरा वाचला तेव्हा त्यांच्याकडे पाहिले नाही. कार्यक्रमानंतर ते माझ्या मोटारसायकलजवळ येऊन उभे राहिले.

"सतरा नंबरले फिकी म्हटलं तू."

"हो, काका."

"नमुन्याजवळ ठेवूनच पाह्यली ना?"

"ठेवूनच पाहिली."

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. "नमुना कोनाचा सोयरा नसते." माझ्या पाठीवर हात ठेवून ते चालत घरी गेले. मी उत्तरात एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, आणि इतके खोटे त्याआधी कधी बोललो नव्हतो.

दिवाळीत फराळाला गेलो तर पलंगावर दोन्ही उशा सारख्या टम्म फुगलेल्या. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "पिंजून घेतली," म्हणाले. "कापूस दबला होता. असं कायले जपून ठेवावं माणसानं?" आणि चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवली. तेव्हा तरी सांगता आले असते. मी चिवडा चांगला झाल्याचे सांगितले.

त्यानंतर ते तीन वर्षे होते. रविवार एकही चुकवला नाही. दुसऱ्यांच्या कविता तशाच चिमटीत धरत राहिले, स्वतः पुन्हा एकही लिहिली नाही. शोकसभेत मी त्यांच्या कसोटीवर दहा मिनिटे बोललो. अध्यक्षांनी जाहीर केले की काकांची निर्भीड परंपरा यापुढे मी चालवीन, आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्या मला बसल्या जागी ऐकाव्या लागल्या.

महिन्याभराने मी पुसदला गेलो. त्यांची मुलगी तिथे दिलेली आहे. सगळे सांगितले: उशी, खोडलेला आकडा, शेरा, मोटारसायकलजवळचे बोलणे. शेवटी तिने विचारले, "दादा, तुम्ही पहिल्यांदा लिहिलेले मार्क ठेवले असते तं कितवा नंबर आला असता?"

"दोनशे तीस झाले असते. पहिला."

तिने माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला.

"मंग हे बाबाले सांगाचं होतं ना," ती म्हणाली. "मले सांगून आता काय?"